आपल्याच पेशींनी सोडलेला वायू

चाकणच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दम्याच्या तपासणीचा अहवाल घेऊन आले होते. ‘उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड : ६२’ या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टर, हा तर ट्रकच्या धुरातला वायू. तळेगाव चौकातल्या कोंडीत इतकी वर्षे जो ओढला, तोच आता बाहेर पडतो आहे का?’’

शंका रास्त होती. उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. डिझेल इंजिनातल्या प्रखर उष्णतेत हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि बाहेरच्या हवेत त्याचा पुढे नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. दमेकऱ्यांना जाचतो तो प्रामुख्याने हा दुसरा वायू. शरीरातला नायट्रिक ऑक्साइड काही सेकंदांतच नाहीसा होतो, तेव्हा तो वर्षानुवर्षे साठून राहणे संभवत नाही. त्या गृहस्थांच्या फुंकरीतून आलेला वायू त्याच वेळी त्यांच्या श्वासनलिकांच्या अस्तराने तयार केलेला होता. प्रतिकारयंत्रणेकडून सूज चालू असल्याचे इशारे मिळाले, की हे अस्तर तो अधिक प्रमाणात सोडू लागते. प्रौढांमध्ये हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे २५ पेक्षा कमी भाग आढळले तर प्रमाण कमी, आणि ५० पेक्षा अधिक आढळले तर जास्त समजतात. ६२ चा अर्थ इतकाच, की ॲलर्जीच्या जातीची सूज चालू आहे आणि स्टेरॉइडच्या पंपाचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे.

त्यांचे तेवढ्यावर समाधान झाले. पण शरीर हा वायू मुळात बनवते कशासाठी, हे वयस्कर मंडळींनी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे. कारण घरोघरच्या दोन नेहमीच्या गोळ्यांशी त्याचा थेट संबंध येतो.

या शोधाची सुरुवात लघवीपासून झाली. माणूस अन्नातून जेवढे नायट्रेट घेतो त्याहून अधिक त्याच्या लघवीतून बाहेर पडते, अशी नोंद अमेरिकेत १९१६ मध्येच झाली होती. पुढे साठ-पासष्ट वर्षे ती तशीच पडून राहिली. १९८० च्या सुमारास एमआयटी या संस्थेतील स्टीव्हन टॅनेनबॉम यांच्या गटाने स्वयंसेवकांना मोजूनमापून आहार देऊन नायट्रेटचा जमाखर्च मांडायला घेतला. त्यांपैकी एकाला ताप आणि जुलाब सुरू झाले आणि त्याच्या लघवीतले नायट्रेट कित्येक पटींनी वाढले. जेवणात फरक नव्हता. फरक आजाराने केला होता. १९८५ मध्ये डेनिस स्टूअर आणि मायकेल मार्लेटा यांनी दाखवून दिले, की उंदराच्या भक्षक पेशींना जिवाणूंच्या आवरणाचा अंश दिला तर त्या पेशीच नायट्राइट आणि नायट्रेट बनवू लागतात. १९८७ मध्ये यूटातील जॉन हिब्ज यांनी त्यामागचा कच्चा माल ओळखला : आर्जिनीन हे अमिनो आम्ल, जे आपल्याला शेंगदाण्यांतून आणि डाळींतून रोज मिळते.

भक्षक पेशी, म्हणजे डॉक्टरी भाषेतल्या मॅक्रोफेज, एरवी सफाई कामगारांसारख्या असतात. मेलेल्या पेशी गिळाव्यात, कचरा उचलावा, एवढेच त्यांचे काम. पण जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे त्यांना लागले, आणि त्याच वेळी लिम्फ पेशींकडून इंटरफेरॉन गॅमा नावाचा संदेश आला, की त्यांचे रूप पालटते. एक बंद असलेले जनुक सुरू होते आणि काही तासांत पेशीत एक नवे विकर तयार होते. हे विकर आर्जिनीन आणि ऑक्सिजन यांच्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते. आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही याच जातीचे एक विकर असते. ते अगदी थोडा वायू, गरजेपुरता आणि लगेच थांबवता येईल अशा बेताने सोडते, आणि त्यामुळे रक्तवाहिन्या सैल राहतात. भक्षक पेशींतल्या विकराला असा ब्रेक नाही. ते एकदा तयार झाले, की कित्येक तास, प्रसंगी दिवसभरही, वायू सोडत राहते. वायू असल्यामुळे त्याला पेशीच्या भिंतीची अडचण नाही. जंतूच्या आत शिरून तो त्याच्या लोहयुक्त विकरांना निकामी करतो, त्याच्या डीएनएला इजा पोहोचवतो. उंदरांमध्ये क्षयाच्या जंतूंविरुद्धचे हे एक मोठे शस्त्र आहे. माणसाच्या भक्षक पेशी उंदराच्या मानाने हा वायू कमी बनवतात. तरी क्षयरुग्णांच्या फुप्फुसांतून काढलेल्या पेशींत हे विकर सापडलेले आहे.

चाकणच्या वाचकांना येथे एक गंमत सांगावीशी वाटते. ज्या भक्षक पेशींना लढायचे नसून जखम भरून काढायची असते, त्या त्याच आर्जिनीनचा नायट्रिक ऑक्साइड न बनवता युरिया बनवतात. आणि बीएस-६ ट्रकच्या वेगळ्या टाकीत आपण युरियाचेच द्रावण ओततो, ते धुरातले हेच वायू मोडण्यासाठी.

आता या शस्त्राची दुसरी बाजू. पिंपरीच्या जुन्या रहिवाशांना एच. ए. कंपनी ठाऊक आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली आणि दुसऱ्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीची बांधणी रोखते. माणसाच्या पेशींना तशी भिंतच नसल्यामुळे, ॲलर्जीची गोष्ट सोडली, तर हे औषध आपल्या पेशींच्या वाटेला जात नाही. नायट्रिक ऑक्साइडला असा आपपरभाव कळत नाही. तो जंतूला जसा लागतो, तसा आपल्या रक्तवाहिन्यांनाही लागतो.

जंतुसंसर्ग एका जागी असेपर्यंत हे निभावते. पण न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग हाताबाहेर जाऊन शरीराचा प्रतिकारच सर्वांगभर उसळतो, त्याला आम्ही सेप्सिस म्हणतो. अशा वेळी हे विकर भक्षक पेशींपुरते राहत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूपेशीही ते बनवू लागतात. जागोजागी रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. मूत्रपिंडांना आणि मेंदूला पुरेसे रक्त पोहोचत नाही. फसवणूक अशी, की सुरुवातीला अशा रुग्णाचे हातपाय बरेचदा उबदार लागतात. ‘‘अंग तर गरम आहे, चेहऱ्यावर लाली आहे,’’ म्हणून घरचे निश्चिंत राहतात.

मग हा वायूच रोखला तर? तोही प्रयोग झाला. सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेल्या ७९७ रुग्णांवर असे एक औषध वापरून पाहिले गेले आणि त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब वर आला खरा. पण २८ दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण दगावले, न मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. अवयवांना रक्त पोहोचवण्यासाठी आणि जंतूंशी लढण्यासाठी या वायूची थोडीफार गरज त्याही अवस्थेत असावी, असे दिसते. म्हणून आजही उपचार तेच : वेळेवर अँटिबायोटिक, शिरेतून सलाइन, आणि गरज पडल्यास रक्तवाहिन्या आवळणारी औषधे. त्यांतला ‘वेळेवर’ हा भाग बराचसा घरच्यांच्या हाती असतो.

येथे त्या दोन गोळ्या येतात. पहिली, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट. ही गोळी शरीरात गेल्यावर नायट्रिक ऑक्साइडच सोडते. या जातीच्या औषधांचे काम असे चालते हे फेरिद मुराद यांनी १९७७ मध्ये दाखवले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या तिघांत ते होते. हृदयविकाराच्या कळेवर ती गुणकारी आहे. पण दोन दिवस ताप असलेल्या आजींना घाम फुटला, त्या ‘घाबरं होतंय’ म्हणाल्या, की हृदयाचेच काहीतरी असणार असे समजून ती जिभेखाली सरकवण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे. ज्या शरीरात आधीच हा वायू उधळलेला आहे, त्यात आपण आणखी भर घालतो. ज्यांना ही गोळी लिहून दिलेली आहे त्यांनी ती जरूर जवळ बाळगावी. परंतु ती ठेवण्यापूर्वी रक्तदाब मोजावा आणि वरचा आकडा १०० च्या खाली असेल तर ती देऊ नये, थेट रुग्णवाहिका बोलवावी. शेजाऱ्यांच्या डब्यातली तर कधीच देऊ नये.

दुसरी, रक्तदाबाची रोजची गोळी. ती मनाने कायमची बंद करू नये, हे मी नेहमीच सांगत आलो आहे. परंतु ताप, जुलाब किंवा उलट्या चालू असताना, जेवण सुटलेले असताना, सवयीने सकाळची गोळी देऊन टाकण्याआधी यंत्र लावावे आणि डॉक्टरांना एक फोन करावा. आकडा वाचतानाही तारतम्य हवे. ज्यांचा रक्तदाब एरवी १५० असतो, त्यांचा अचानक १०५ आला तर तो ‘नॉर्मल’ नव्हे.

वृद्धांत ताप येईलच असेही नाही. कालपर्यंत नातवाशी बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलू लागले, दिवसभर पेंगत राहिले, श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक झाला, सकाळपासून लघवीच झाली नाही, किंवा कारण नसताना ते पडले, तर हीच पहिली खूण असू शकते. ‘वयोमानाने होते’ असे म्हणून रात्र काढू नये.

लघवीच्या अहवालाबद्दलही पुष्कळ जण विचारतात. तेथे ‘नायट्राइट पॉझिटिव्ह’ दिसते ते आपल्या पेशींनी बनवलेले नसते. लघवीतल्या नायट्रेटपासून ते जिवाणू बनवतात. त्यासाठी लघवी मूत्राशयात चारेक तास थांबावी लागते, म्हणून सकाळची पहिली लघवी बरी. काही जिवाणूंना हे रूपांतर करताच येत नाही, त्यामुळे ‘निगेटिव्ह’ म्हणजे संसर्ग नाहीच असे नव्हे. उलट जळजळ, ताप, ग्लानी यांपैकी काहीच नसताना केवळ हा एक शब्द पाहून अँटिबायोटिक सुरू करण्याचेही बहुधा कारण नसते; कॅथेटर असलेल्यांत तर तो वारंवार दिसतो.

‘नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी आर्जिनीनची पावडर काही घरांत मी पाहिली आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना आर्जिनीन देऊन पाहणारा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्जिनीन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून तो थांबवला गेला. ती पावडर घेऊ नका. मूठभर शेंगदाणे खा, चालत असतील तर.

आणि रात्री-अपरात्री १०८ क्रमांकावर फोन करण्याची वेळ आलीच, तर वायसीएम असो वा जवळचे अतिदक्षता विभाग असलेले कोणतेही रुग्णालय, तेथील डॉक्टरांना तीन गोष्टी आधी सांगाव्यात : रुग्णाचा नेहमीचा रक्तदाब किती, शेवटची लघवी केव्हा झाली, आणि आज कोणती गोळी किती वाजता दिली. हे लिहिलेला कागद फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवला, तर नोकरीवरून धावत आलेल्या मुलाला किंवा सुनेला तो शोधावा लागणार नाही.