चोर सोडून कोळ्याला फाशी

आमच्या सोसायटीचं या आठवड्याचं सर्क्युलर जपून ठेवण्यासारखं आहे. कलम एक: गणपतीआधी जिन्यांत आणि घरोघरी कोळ्यांसाठी फवारणी, कारण ‘बी विंगमध्ये तिघांच्या अंगावर कोळी मुतला’. कलम दोन: आवारात आणखी दोन फ्लडलाइट. सदराचे जुने वाचक आत्ताच हसू लागले असतील. हसा. फ्लडलाइट दिसला की मला राहवत नाही, पण या खेपेला दोन्ही कलमं खरोखरच एकाच दोरीत ओवलेली आहेत.

तिघांपैकी एकाच्या हातावर लाल पट्टा होता, त्यावर बारीक फोड आणि कोपराच्या घडीत वर-खाली जुळी खूण. कोळी काही असा छाप्या-काट्यासारखा जोडीनं उमटत नाही. ही करणी पीडरस नावाच्या किड्याची. जेमतेम सात ते दहा मिलिमीटर, लांबट, मुंगीच समजाल असा. अंग नारिंगी आणि काळं, पाठीवर निळसर झाक. ओल्या जमिनीत, भातखाचरांत राहतो, तिथे पिकावरचे किडे खातो आणि रात्री उजेड दिसला की त्यावर झेपावतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. झोपेत आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीला फासलं जातं. तेव्हा काहीच कळत नाही. भाजल्यासारखी आग व्हायला लागते ती दुसऱ्या दिवशी, तोवर किडा केव्हाच झटकला गेलेला असतो. मग माणूस वर बघतो. छताच्या कोपऱ्यात कोण? कोळी. खटला संपला.

आता आरोपींची ओळखपरेड. छताशी उलटा लटकणारा, काडीसारख्या पायांचा, झाडू लागला की जाळ्यासकट थरथरणारा तो डास धरतो. त्याच्यापासून माणसाला धोका नाही. भिंतीवर टुणकन उडी मारून वळून आपल्याकडे बघणारा जाळं विणतच नाही, माशीवर थेट झडप घालतो. याच उडीबाज कुळातल्या, ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका जातीला 2021 मध्ये कसाबला पकडताना शहीद झालेले पोलीस तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं: इसियस तुकारामी. तिसरा मोरीतला, तळहाताएवढा, खेकड्यासारखे पाय पसरून बसणारा. त्याला बघून किंचाळावं, माझी हरकत नाही. पण रात्री तो झुरळं मारतो. मुठीत धरलात तर चावेल आणि दुखेल. म्हणून मूठ नको, वर डबा ठेवून खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर सोडा. पोटाखाली चपटी पांढरी पिशवी धरलेली दिसली तर ती अंड्यांवरची आई आहे.

म्हणजे उजेडावर येणारे किडे खातो तो एक आणि उजेडावर येऊन आपल्याला पोळतो तो दुसरा. सोसायटी पहिल्यावर विष मारणार आणि दुसऱ्याला दिवे लावून आमंत्रण देणार, दोन्ही मेंटेनन्सच्या पैशांतून! त्या तिघांचीही बेडरूम जुन्या फ्लडलाइटसमोरच आहे. ज्यांना योगायोग म्हणायचं त्यांनी म्हणावं, मी म्हणणार नाही.

जुनी कोळिष्टकं झाडूनं काढा, सणाला घर स्वच्छ हवंच. तो नारिंगी-काळा किडा अंगावर दिसला तर चापट मारू नका. फुंकर घाला किंवा कागदावर घेऊन टाका, मग ती जागा साबणानं धुवा. झोपताना खिडकीजवळचा दिवा बंद ठेवा.

आणि फोड शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यानं आले असतील, आत ठणका असेल, तर ती नागीण असू शकते. तिथे कोळीही निर्दोष आणि किडाही; तो कांजिण्यांचाच विषाणू असतो. त्यावरची गोळी पहिल्या 72 तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते, तेव्हा मंत्र घालणाऱ्याकडे न जाता डॉक्टरकडे जा.