कोरियन बार्बेक्यू, जळकं मांस आणि मोखाड्याची चूल

'डॉक्टर, जळकं मांस खाल्लं की कॅन्सर होतो, हे खरं का?'

विचारणारा मुलगा मोखाडा तालुक्यातला, पण नोकरीला चाकणला. कंपनीतल्या साहेबांनी सगळ्या टीमला पुण्यात कोरियन बार्बेक्यू खायला नेलं होतं. जेवण आवडलं, पण नंतर मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला आणि पोटात गोळा आला. खरं तर तो स्वतःसाठी आलाच नव्हता. आईला दाखवायला आणलं होतं, जाता जाता हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न तुमच्यापैकीही अनेकांना पडत असणार. पुण्याच्या आसपास रांजणगावला एलजी आहे, तळेगावला ह्युंदाई आहे. तिकडच्या कोरियन जेवणाची चव आता आपल्या मुलांनाही लागली आहे. शिवाय कोरियन मालिका आहेतच. त्यामुळे आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो, मग त्याच्या आईकडे वळतो. माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

कोरियन बार्बेक्यू ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: टेबलाच्या मधोमध खड्डा असतो, त्यात कोळशाचे निखारे किंवा गॅस, वर जाळी. कच्च्या मांसाचे पातळ तुकडे समोर येतात, ते आपणच भाजायचे. भाजलेला तुकडा लेट्यूसच्या पानात ठेवायचा, त्यावर लसूण आणि सोयाबीनची तिखट-खारट चटणी, पान दुमडून अख्खा घास तोंडात. सोबत छोट्या वाट्यांमधून किमची, मोड, पालेभाज्या. डॉक्टर म्हणून बघितलं तर ताट वाईट नाही. मांसाबरोबर एवढा हिरवा पाला आपण ढाब्यावर कधी खातो? मीठ मात्र भरपूर असतं. बीपीच्या रुग्णांनी किमची आणि चटणी बेतानं घ्यावी.

आता कॅन्सर. मांस खूप तापलं की त्यातल्या प्रथिनांपासून काही घातक रसायनं तयार होतात. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की जो धूर उठतो त्यातूनही काही रसायनं मांसावर बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांस '२ अ' गटात टाकलं, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक'. सॉसेज, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस त्याच्या वरच्या, पहिल्या गटात आहे. इथे लोक एक घोळ करतात. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. वर्षातून चार वेळा बार्बेक्यू खाणाऱ्या तरुणाने झोप उडवून घेण्याचं कारण नाही. तुकडा वारंवार उलटा, काळा झालेला भाग कापून टाका. बस.

त्यापेक्षा चिमट्याकडे लक्ष द्या. ज्या चिमट्याने कच्चं मांस उचललं त्यानेच भाजलेलं उचलून पानात ठेवलं, तर कच्च्यातले जंतू थेट पोटात जातात. दोन चिमटे मागून घ्या. डुकराचं आणि कोंबडीचं मांस आतून गुलाबी असेल तर खाऊ नका.

मी त्याला विचारलं, 'तिथे धूर डोळ्यांत गेला का?' म्हणाला, 'नाही ना डॉक्टर, प्रत्येक टेबलावर नळी असते. धूर लगेच ओढून घेते.'

शेजारी बसलेली आई खोकत होती.

पन्नाशीही गाठलेली नाही. चढ चढताना धाप लागते, पावसाळ्यात आणि थंडीत जास्त. दोनदा बेडका तपासून झाला होता, क्षयरोग निघाला नाही. (तो तपासणं बरोबरच होतं. दोन आठवड्यांवर खोकला गेला की ती तपासणी झालीच पाहिजे.) विडी ओढता का, असं विचारल्यावर म्हणाली, 'विडी नाय ओढत मी. चुलीपुढं बसते, तेवढंच.'

तेवढंच. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापासून रोज सकाळ-संध्याकाळ. नागलीची भाकरी, भात, कधी निखाऱ्यावर भाजलेलं सुकं. कुडाचं घर, एकच दार, खिडकी नावापुरती. मुलाला दोन तासांच्या जेवणासाठी डोक्यावर नळी मिळाली, आईला जन्मभराच्या स्वयंपाकासाठी एक झरोका मिळाला नाही. हे त्याला बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही ते कळलं असावं.

ज्या संस्थेने लाल मांस '२ अ' गटात टाकलं, तिनेच घरात लाकूड जाळून होणारा धूरही '२ अ' गटात टाकलेला आहे. घरात दगडी कोळसा जाळून होणारा धूर तर पहिल्या गटात. मांसाबद्दल व्हिडिओ निघतात, चुलीबद्दल निघत नाहीत. आणि कॅन्सर हा चुलीच्या धुराचा सगळ्यात मोठा गुन्हाही नाही. या धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, श्वासनलिकांना कायमची सूज येते, नळ्या आकसतात. याला सीओपीडी म्हणतात. दम्यात नळ्या बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात, यात होत नाहीत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की सीओपीडीचं जगातलं सर्वांत मोठं कारण सिगारेट नसून सरपणाचा धूर असू शकेल. त्याशिवाय मोतीबिंदू, चुलीजवळ खेळणाऱ्या लहान मुलांचा न्यूमोनिया आणि गरोदरपणात धूर घेतलेल्या बाईचं कमी वजनाचं बाळ. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

जव्हार-मोखाड्याचं नाव १९९२ च्या वावर-वांगणीपासून महाराष्ट्राला कुपोषणासाठी माहीत आहे. कमी वजनाच्या बाळाबद्दल बोलताना आपण आईच्या ताटात काय आहे हे विचारतो, आणि विचारलंच पाहिजे. पण ते ताट शिजतं कुठे, हे केसपेपरवर कोणी लिहीत नाही. इतकी वर्षं मीही लिहीत नव्हतो.

इथे खुद्द कोरियाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. काही दशकांपूर्वीपर्यंत तिथल्या सामान्य घरांत कोळशाच्या भुकटीच्या, भोकं पाडलेल्या वड्या जाळत. त्यावर स्वयंपाक व्हायचा आणि त्याच उष्णतेने जमीन तापवून माणसं वर झोपायची. जमिनीला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरायचा. या वायूला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो. झोपेत अख्खी कुटुंबं गेली. विषबाधा झालेल्याला मुळ्याच्या किमचीचं गार पाणी पाजायचा घरगुती उपाय तिथे प्रसिद्ध होता. त्याचा उपयोग शून्य, पण लोक किती हतबल होते ते त्यातून कळतं. पुढे घरोघरी गॅस आणि तेलाचे बॉयलर आले, आणि ही मरणं झपाट्याने कमी झाली. निखारा घरातून गेला. हौस म्हणून हॉटेलच्या टेबलावर राहिला, तोही नळीखाली.

आपल्याकडे उलटं चाललंय. जव्हारला पावसाळ्यात दाभोसा बघायला आणि थंडीत तंबूत राहायला शहरातली मंडळी येतात, बार्बेक्यू लावतात, आणि रात्री गारठा वाढला की उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेतात. कृपा करून हे करू नका. धूर दिसत नाही म्हणून निखारा सुरक्षित वाटतो, पण कार्बन मोनॉक्साइड तोच सोडतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी वाटली तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग दवाखाना.

चुलीकडे परत येऊ. गॅस का वापरत नाही, असं शहरातला माणूस विचारतो. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर अनेक घरांत पोचला, त्या आईच्या घरातही आहे. कोपऱ्यात, पाहुण्यांच्या चहापुरता. राज्य सरकारची २०२४ ची वर्षाला तीन मोफत सिलिंडरची योजनाही आहे. पण पैसे आधी भरायचे आणि नंतर खात्यात येणार, हे रोजंदारीवर जगणाऱ्या आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या घराला जमत नाही. सरपण रानात आहे, त्याला रोख लागत नाही. शिवाय धुराचे फायदे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही: माळ्यावरच्या बियाण्याला कीड लागत नाही, डास कमी होतात. म्हणून 'चूल सोडा' असा उपदेश मी करत नाही. सरकारने जोडण्या मोजणं थांबवून वर्षाला भरलेली सिलिंडरं मोजावीत आणि सवलत दारात, सिलिंडरच्या किमतीतूनच वजा करावी, असं माझं मत आहे. धुराडं असलेल्या चुलींची मोहीम मागे देशभर झाली होती. धुराडी तुंबली, फुटली, दुरुस्तीला कोणी फिरकलं नाही. चूल बसवणाऱ्याइतकाच ती दुरुस्त करणारा गावात हवा.

तोवर घरात एवढं करता येतं. चूल दाराजवळ किंवा पडवीत आणा. तिच्या वरची दोन-तीन कौलं उचलून वाट करा. सरपण पूर्ण वाळलेलं वापरा, ओलं लाकूड जास्त धुमसतं. तान्हं मूल मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नका. सिलिंडर असेल तर तो पाहुण्यांसाठी ठेवू नका. घरात गरोदर बाई किंवा धाप लागणारं माणूस असेल तर तो आधी त्यांचा.

त्या आईला मी इनहेलर दिला, ओढायचा कसा ते तीनदा करून दाखवलं. पण रोज तोच धूर आत जात राहिला तर औषध तोकडं पडणार, हे मुलाला स्पष्ट सांगितलं. त्याने विचारलं, 'हॉटेलात असते तशी नळी बसवता येईल का?' म्हटलं, पत्र्याचा पाइप आणि गावातला गवंडी, एवढ्यात होईल. छपरापेक्षा वर काढ आणि दर महिन्याला काजळी झाड. पुढच्या सुट्टीत करतो म्हणाला. आई म्हणाली, 'आधी बियाणं माळ्यावरून काढाया लागंल.'

तिच्या केसपेपरवर मी वयाखाली एक ओळ वाढवली आहे: चूल घरात, धुराडं नाही.