विश्लेषण : विद्यार्थ्यांच्या नव्या एकांकिका आधी नुसत्या वाचल्या तर काय होईल?

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी करंडक कोणालाच न देण्याचा निर्णय घेतला. १९६३ पासून सुरू असलेल्या या स्पर्धेत असे पहिल्यांदाच घडले. परीक्षक फार कठोर झाले की मुले कमी पडली, यावर नंतर बरेच दिवस वाद रंगला. त्या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूला राहिला. या संहिता स्पर्धेच्या रंगमंचावर येण्याआधी कोणी, कधी, निवांतपणे ऐकल्या होत्या का? जगातील अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्याने लिहिलेल्या लघुनाटकाचे अभिवाचन हा लेखनाचाच एक टप्पा मानला जातो. महाराष्ट्रात एकांकिकांची एवढी मोठी चळवळ असूनही हा टप्पा बहुतेक वेळा गाळला जातो.

अभिवाचन म्हणजे नेमके काय?

मराठी वाचकाला अभिवाचन म्हटले की नामवंत कलावंत, पार्श्वसंगीत, गाजलेले नाटक किंवा कादंबरी आणि भरलेले सभागृह असे चित्र आठवते. तो स्वतंत्र आणि चांगला कार्यक्रम असतो, पण तिथे संहिता कधीच पूर्ण झालेली असते. येथे विषय उलट आहे. संहिता अर्धीकच्ची आहे हे सगळ्यांना माहीत असते आणि म्हणूनच ती वाचायची असते.

पद्धत अगदी साधी आहे. चार-पाच खुर्च्या, हातात कागद, दोन-तीन तालमी. नेपथ्य, वेशभूषा नाही. प्रकाशयोजना असलीच तर नावापुरती. संवाद नट वाचतात आणि रंगसूचना एक जण वेगळ्या आवाजात वाचतो. या शेवटच्या गोष्टीला कमी लेखू नये. ‘तो खिडकीपाशी जातो, बराच वेळ थांबतो, मग हसतो’ असे चारदा मोठ्याने वाचले गेले की लेखकालाच कळते की नाटक संवादांत नसून सूचनांत लपवले आहे. वाचन संपल्यावर प्रेक्षकांशी बोलणे होते. लेखक शक्यतो ऐकतो, खुलासे करत नाही.

खरी कमाई मात्र त्या चर्चेत नसते, ती वाचन चालू असताना होते. लोक कुठे चुळबुळतात, कुठे भलत्याच जागी हसतात, कोणत्या वाक्यावर चांगला नटही अडखळतो, हे लेखकाला मागच्या रांगेत बसून दिसते. प्रेक्षकांच्या सूचना अनेकदा एकमेकींच्या विरुद्ध असतात, पण त्यांच्या चुळबुळीबद्दल मतभेद होत नाहीत.

मग स्पर्धा आहेतच की?

आहेत, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पुरुषोत्तम, फिरोदिया, आयएनटी, लोकांकिका, आणि वर्षभरातल्या पहिल्या क्रमांकांना एकत्र आणणारी, २५ जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटे संपणारी सवाई. या साखळीतून मराठी नाटक-चित्रपटांना पिढ्यान्‌पिढ्या नट, लेखक, दिग्दर्शक मिळाले.

अडचण स्पर्धेच्या वेळापत्रकात आहे. जूनमध्ये महाविद्यालय उघडते. जुलैत संघ ठरतो, ऑगस्टमध्ये पुरुषोत्तमची प्राथमिक फेरी येते. संहिता पाहिजे ती याच पाच-सहा आठवड्यांत. शिवाय स्पर्धेच्या प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र संहितेला मिळते, म्हणजे ती आधीच हातावेगळी झालेली असावी लागते. तालमीत तिसरा प्रवेश चालत नाही हे लक्षात येते, तोवर कागद पुढे गेलेला असतो. मग दुरुस्ती लिहून होत नाही, ती करून दाखवली जाते. पडलेल्या जागी संगीत वाढते, विझलेल्या प्रसंगावर लाल प्रकाश येतो, शेवटी सगळे एका रांगेत येऊन समोर बघत बोलतात. एकांकिकांना नियमित जाणाऱ्याला ही युक्ती दुरून ओळखता येते.

दुसरी बाब लेखकाच्या वयाची. अनेक महाविद्यालये जिंकण्यासाठी बाहेरचा अनुभवी लेखक-दिग्दर्शक आणतात आणि एकाच व्यक्तीचे काम एका मोसमात वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या नावांनी दिसते. यात नियमबाह्य काही असेलच असे नाही. मात्र एकोणीस वर्षांच्या मुलीने लिहिलेली, ओबडधोबड पण स्वतःची संहिता या शर्यतीत मागे पडते. तिला बक्षीस नको असते, तिला ती चार माणसांना ऐकवायची असते. तशी जागा व्यवस्थेत नाही. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवा महोत्सवातही नाट्यविभागात एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य आणि नक्कल असे प्रकार आहेत. एकांकिकेला ३० मिनिटे, प्रहसनाला १० मिनिटे अशी घड्याळाची शिस्त आहे. नव्या लेखनासाठी स्वतंत्र प्रकार नाही.

ही पद्धत आली कुठून?

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने १९५७ पासून रविवारी रात्री नेपथ्याविना नवी नाटके दाखवायला सुरुवात केली. कमी खर्चात नव्या लेखकाला प्रेक्षक मिळावा, हा हेतू होता. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील वॉटरफर्ड येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या यूजीन ओनील थिएटर सेंटरने त्याची शिस्तच घालून दिली. तिथल्या नाटककार संमेलनात नट हातात संहिता घेऊन वावरतात, लेखक दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात पाने बदलतो आणि पुढच्या प्रयोगाला नवी पाने हातात येतात. ऑगस्ट विल्सन यांची संहिता तिथे आधी अनेकदा नाकारली गेली. १९८२ मध्ये ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ निवडली गेली, तिच्यावर तिथे काम झाले आणि १९८४ मध्ये ती ब्रॉडवेवर आली. विद्यार्थ्यांपुरते बोलायचे तर १९६९ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी महाविद्यालयीन नाट्यमहोत्सवात दहा मिनिटांच्या नाटकांची वेगळी स्पर्धा आहे. तिच्यातल्या संहिता विभागीय महोत्सवांत विद्यार्थी हातात कागद घेऊनच सादर करतात.

महाराष्ट्रात असे काही झालेच नाही का?

झाले, पण विद्यापीठांबाहेर. पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने सतीश आळेकर यांच्या पुढाकाराने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साह्याने नाटककारांसाठी विकास योजना राबवली. मुंबईत रेज या संस्थेने रॉयल कोर्टच्या सहकार्याने ‘रायटर्स ब्लॉक’ चालवले. त्याचा पहिला महोत्सव २००४ मध्ये झाला आणि त्यातून मराठी लेखकही घडले. या दोन्ही ठिकाणी लेखकाला वेळ मिळाला, पुन्हा लिहायला मुभा मिळाली. पण अनुदान किंवा परदेशी सहकार्य आले की असे उपक्रम होतात, ते थांबले की थांबतात. विद्यापीठाचे तसे नसते. नट, शिक्षक, वर्ग आणि संध्याकाळी रिकामा असणारा हॉल या चारही गोष्टी तिथे कायमच्या असतात. पुण्याचे ललित कला केंद्र १९८७ पासून आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी २००३ पासून आहे. गावोगावच्या महाविद्यालयांत नाट्यशास्त्र विभाग नसला तरी मराठीचा विभाग असतोच, आणि वाचनाला तेवढा पुरतो.

वादाची भीती किती?

हा प्रश्न आता टाळता येत नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे परीक्षेतील नाटक आंदोलकांनी बंद पाडले. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या आयुष्यावरचे हे नाटक होते. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला. केंद्राचे प्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. परीक्षेसाठी केलेला प्रयोग पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचला.

अभिवाचन असल्या प्रसंगी ढाल बनत नाही. हातात कागद आहे म्हणून कोणी आक्षेप घेणार नाही, असे समजणे भाबडेपणाचे आहे. फरक एवढाच की, विनोद नक्की कोणावर आहे, हा प्रश्न लेखकाला वर्गमित्र आणि शिक्षकांकडून आधी ऐकायला मिळतो आणि त्याचे उत्तर तो स्वतःच्या मर्जीने लिहू शकतो. याला दुसरी बाजूही आहे. विभागप्रमुख घाबरलेले असतील तर हेच वाचन संहितेतल्या टोकदार जागा काढण्याची बैठक होईल. ‘हे नको, उगाच कटकट’ असे एकदा म्हटले गेले की विद्यार्थी पुढच्या वेळी ते लिहीतच नाही. मंडळाच्या कात्रीविरुद्ध निदान न्यायालयात जाता येते. ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग गेले होते. स्टाफरूममधल्या सल्ल्याविरुद्ध कुठे जाणार?

संहिता कोणाची?

ती लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार हक्क लिहिल्याक्षणी निर्माण होतो, नोंदणीची अट नाही. वाचनासाठी संहितेची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, तेव्हा पहिल्या पानावर नाव आणि तारीख असावी, एवढी काळजी पुरेशी उपयोगी पडते. दुसऱ्याची एकांकिका वाचायची असेल तर प्रेक्षक महाविद्यालयातले विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक यांच्यापुरते असतील तोवर कायदा सवलत देतो. बाहेरच्यांना बोलावले की लेखकाची परवानगी लागते.

मर्यादा कोणत्या?

अमेरिकेत नाटककारांची जुनी तक्रार आहे की, त्यांची नाटके वाचली जातात, पुन्हा वाचली जातात, सूचना मिळतात, पण प्रयोग कोणी करत नाही. वाचन स्वस्त असल्याने संस्था तेवढ्यावरच समाधान मानतात. शिवाय काही नाटके कागदावरून ऐकवताच येत नाहीत. ज्यांचा जीव हालचालीत, समूहात किंवा शांततेत आहे, अशी संहिता वाचनात कोरडी वाटते आणि संवादचतुर संहिता उगाच भाव खाते. लोककलेच्या अंगाने जाणाऱ्या मराठी एकांकिकांना हा धोका अधिक आहे. त्यामुळे वाचनावरून निवड करायची झाल्यास निदान एखादा प्रवेश उभा राहून करायला देणे योग्य.

वेळ मात्र सापडू शकतो. परीक्षा संपल्यानंतर आणि जूनमध्ये वर्ग भरण्याआधी मोकळे आठवडे असतात. तेव्हा महाविद्यालयाने चार संहिता दोन संध्याकाळी वाचल्या, तर त्यांच्या लेखकांना प्रमाणपत्रासाठी कागद पाठवण्यापूर्वी किमान एक नवा खर्डा लिहिता येईल.