जयपूर फूट बसवल्यानंतर
जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेल्या ‘जयपूर फूट’मुळे अपंगांना अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, ओल्या शेतात काम करणे शक्य झाले. १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय मोफत बसवते.

पण पाय बसला म्हणजे काळजी संपली, असे नव्हे. उरलेला पाय रोज रात्री साबणाने धुऊन नीट कोरडा करावा. मागची बाजू आरशात पाहावी. लाली, फोड दिसल्यास कृत्रिम पाय काढून ठेवावा. मधुमेहात बधिरपणामुळे जखम कळतच नाही. अशा रुग्णांनी दुसरा पायही रोज तपासावा. पाय काचत असेल तर कापूस कोंबून दिवस काढू नयेत, केंद्रात जाऊन तो नीट बसवून घ्यावा. संकोचापायी सोसलेला फोड चिघळला, तर पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.