दांडा, तार आणि पंखा

ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या कारागिरानें अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं १९०९ सालीं आपलें आउटबोर्ड इंजिन विक्रीस आणलें, तेव्हां चालक नावेच्या पिछाडीस बसून तें हातानेंच वळवीत असे. पुढें चालकाची बैठक नावेच्या पुढील भागीं गेली आणि त्याच्या हातांतील दांडा व इंजिन यांना लांब तारांनीं जोडणें प्राप्त झालें. आज १९५० च्या दशकांतील एखादी लाकडी नाव हौशी अमेरिकन गृहस्थ पुन्हा सजवितो, तेव्हां त्याचें लक्ष रंगरोगणाकडे अधिक असतें. वाचकहो, खरें लक्ष या तारांकडे हवें.

सायकलच्या ब्रेकची तार केवळ ओढते. परत नेण्याचें काम स्प्रिंग करते. नावेची तार ओढते आणि ढकलतेही. म्हणून ती ताठ असून घट्ट नळींतून जाते. प्रत्येक इंजिनास अशा दोन तारा: एक गिअरची, दुसरी वेगाची. नळीस वांक जितके अधिक, तितकी तार आंत घासते आणि दांड्याची हालचाल वाटेंतच जिरते. यास्तव वांक थोडे व मोठे असावेत. सामान्यतः आठ इंच त्रिज्येहून लहान नसावेत.

दांड्यापासून नावेच्या कडेनें इंजिनापर्यंत लांबी मोजून तींत तीन-चार फूट अधिक धरतात. तो अपव्यय नव्हे. सुकाणूबरोबर इंजिन फिरतें, उथळ पाण्यांत वर उचललें जातें. सैल वळसा नसेल तर तारच ताणली जाऊन वेग वा गिअर आपोआप बदलतो.

जोडणीचा आरंभ मध्यस्थितींतून करावा. दांडा मध्यावर, गिअरही मध्यावर ठेवून तारेच्या टोंकावरील आट्यांनीं लांबी अशी जुळवावी, कीं ती न ओढतां, न ढकलतां खुंटीवर बसेल. दोन इंजिनें असल्यास प्रत्येकाची जुळणी स्वतंत्रपणें करावी. आवरण फुटून आंत पाणी शिरलेली जुनी तार तेल घालून वापरूं नये, ती बदलावी. नावेचें जुनें रूप राखण्याच्या मोहांत ती राहिली, तर दांडा मध्यावर दिसतो आणि पंखा मात्र फिरत असतो. त्याच वेळीं एखादें पोहणारें मूल शिडीकडे येत असतें.

म्हणून नाव पाण्यांत लोटण्यापूर्वीं इंजिनाची किल्ली काढून घ्यावी. एकानें दांडा चालवावा, दुसऱ्यानें पंखा हातानें फिरवून पाहावा. मध्यस्थितींत तो दोन्ही दिशांनीं मोकळा फिरला पाहिजे, गिअरमध्यें घातल्यावर अडला पाहिजे. ही परीक्षा दोनदां उतरल्यावरच नावेची दोरी सोडावी.