फाळके कंपनीच्या बिनकागदी भागीदार

1912 साली दादरच्या मेन रोडवर, मथुरा भवनात, रात्रीचं जेवणखाण उरकलं, मुलं झोपली, दिवे मालवले, की कामाची दुसरी पाळी सुरू व्हायची. त्या काळी कच्ची फिल्म बिनछिद्रांची यायची. कॅमेऱ्यात घालण्याआधी तिच्या दोन्ही कडांना छिद्रं पाडावी लागत आणि प्रकाशाचा कवडसाही लागून चालत नसे, म्हणून हे सगळं अंधारात, हाताच्या अंदाजानं. छिद्र जरा सरकलं की पडद्यावर चित्र उड्या मारणार. एका फुटात सोळा चौकटी आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंनी चार-चार छिद्रं, म्हणजे फुटाला 128. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी 3,700 फूट होती. नुसत्या तेवढ्या लांबीचा हिशेब केला तरी आकडा पावणेपाच लाखांच्या घरात जातो. वाया गेलेली फिल्म आणि प्रती यात धरलेल्याच नाहीत.

हे काम सांभाळत होत्या सरस्वतीबाई फाळके.

दादासाहेब फाळके भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. ते खरंही आहे. पण 'फाळके फिल्म्स' ही एका माणसाची करामत नव्हती, तो एका नवरा-बायकोनं घरात काढलेला धंदा होता. धंद्याला लागतं काय? भांडवल, श्रम आणि बुडण्याची तयारी. तिन्ही खात्यांवर सरस्वतीबाईंच्या नावानं जमा आहे. तरीही त्यांचा उल्लेख येतो तो 'पत्नीनं मोलाची साथ दिली' या एका वाक्यात, बहुतेकदा परिच्छेदाच्या शेवटी.

आधी भांडवल बघू. भागीदारांशी बिनसल्यावर फाळक्यांनी चांगला चाललेला छापखाना सोडला, तेव्हा ते चाळिशीत होते आणि पदरात लहान मुलं होती. अशात 1911 साली गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर राम-कृष्ण का दिसू नयेत, हा ध्यास तिथं लागला. लगेच बायकोलाही तो चित्रपट दाखवायला नेलं. घरात त्या नादाची पहिली भागीदार तीच. पुढचे काही महिने पगार नाही, प्रयोग मात्र रात्रंदिवस. डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दिसेनासं झालं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके फेब्रुवारी 1912 मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. मग कुंडीतल्या मटाराच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली आणि ती पाहून पैसेवाल्यांचा विश्वास बसला. तरी जे कमी पडलं ते सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून आलं. मराठी घरात बाईचे दागिने सावकाराकडे जातात तेव्हा त्याला अडचण म्हणतात. तीच रक्कम बाहेरच्या कुणी घातली असती तर त्याला गुंतवणूक म्हटलं असतं आणि कागद झाला असता.

श्रमाचं खातं तर याहून भरलेलं. फिल्म कॅमेऱ्यात भरायची, रसायनं कालवायची, निगेटिव्ह धुवायची, ही कामं त्या दादासाहेबांकडून शिकल्या. शूटिंगला दिवे नव्हते, सगळी मदार सूर्यावर. तेव्हा उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा, तेही त्यांच्याकडे. यात भर ताफ्याच्या स्वयंपाकाची. सिनेमात काम करणं तेव्हा कमीपणाचं मानलं जाई, म्हणून नटांनी लोकांना सांगायचं, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. परेश मोकाशींच्या 2009 मधल्या चित्रपटाचं नाव त्यावरूनच आलं. आता या फॅक्टरीची खानावळ, प्रयोगशाळा आणि कोठी एकाच बाईकडे होती, हे आजच्या कुठल्याही कंपनीत सांगून पाहा. मनुष्यबळ विभाग तिला तीन पदांची पत्रं देईल. (पगार एकाच पदाचा देईल, ते वेगळं.)

'राजा हरिश्चंद्र'मध्ये राणी तारामती व्हायला बाई मिळेना. ती भूमिका अण्णा साळुंके या हॉटेलात काम करणाऱ्या पोरसवदा माणसानं केली. हरिश्चंद्राच्या मुलाच्या भूमिकेत फाळक्यांचा भालचंद्र होता. पुढे 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. घरचा धंदा म्हणजे आणखी काय असतं?

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. त्याच वर्षी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला गेले. 1917 च्या 'लंका दहन'नं तर पैशाचा पाऊस पाडला. मग व्हायचं ते झालं. 1918 साली वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट वगैरे मंडळींच्या पैशावर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. दादासाहेब तिच्यात काम करणारे भागीदार, म्हणजे त्यांचे कष्ट आणि कसब हीच त्यांची गुंतवणूक. इथं खरी ग्यानबाची मेख आहे. रोकड न घालता, नुसत्या कामावर भागीदारी देता येते हे त्या मंडळींना उत्तम ठाऊक होतं. त्या न्यायानं जिनं पाच-सहा वर्षं काम केलं आणि वर दागिनेही घातले, तिचा वाटा कुणी काढला नाही. भागीदारांच्या यादीत सरस्वतीबाई नाहीत. दादासाहेबांचं भागीदारांशी पटलं नाही, ते उठून सहकुटुंब काशीला गेले, तेव्हा मात्र त्या निर्णयाची झळ सरस्वतीबाईंनाही बसली. तोट्यात त्यांचा वाटा पुरेपूर होता.

यावर कुणी म्हणेल, तो काळच तसा होता, शिवाय स्वप्न दादासाहेबांचं, लंडनला तेच गेले. कबूल. त्यांच्या प्रतिभेला यानं काडीचाही धक्का लागत नाही. पण काळावर बिल फाडून आपण मोकळे होतो, त्याचं काय? 1912 मध्ये नोंद राहून गेली, ती आजही करायला कुणी हात धरलेला नाही. उलट आपण सरस्वतीबाईंचा गौरव करतो तो त्यागाची मूर्ती म्हणून. हार घातला की विषय संपतो. काम म्हणून मोजलं तर श्रेय द्यावं लागतं.

गंमत बघा, दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार 1969 साठी पहिल्यांदा दिला गेला तो देविका राणींना. त्यांनीही 1934 मध्ये नवऱ्याबरोबर, हिमांशु राय यांच्याबरोबर, मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली होती. 1940 मध्ये राय गेल्यावर कंपनी त्यांनी चालवली. तिथं मात्र संस्थापक म्हणून दोघांची नावं जोडीनं घेतली जातात. पण देविका राणी पडद्यावर दिसत होत्या. सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत फिल्म धूत होत्या.

गोरेगावची चित्रनगरी, नाशिकचं स्मारक, पाठ्यपुस्तकातला धडा, दरवर्षी 3 मेला छापून येणारे लेख, या सगळ्यांत एक ओळ बदलायला सरकारी समिती नेमावी लागत नाही. फाळके फिल्म्स, स्थापना 1912, संस्थापक धुंडिराज गोविंद फाळके आणि सरस्वतीबाई फाळके. त्याखाली 'राजा हरिश्चंद्र'च्या श्रेयनामावलीत प्रयोगशाळेच्या रकान्यात त्यांचं नाव लिहावं. आणि जागा उरली तर स्वयंपाकाच्याही.