रिकाम्या दांड्याची उमेदवारी

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत उपनगरांच्या गल्लोगल्ली आज व्यायामशाळा, म्हणजे रूढ भाषेत जिम, उघडल्या आहेत आणि ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु सायंकाळी तेथील आरशासमोर उभे राहून भरलेला रॉड डोक्यावर नेणारा एखादा तरुण पाहिला, की त्याच्या उत्साहाचे कौतुक करावे की त्याच्या कमरेची कीव करावी, असा संभ्रम पडतो. वजन वर जात असते खरे, पण ते खांद्यांच्या बळावर नव्हे, तर कमरेचे मणके तारण ठेवून घेतलेल्या उसनवारीवर.

ही लबाडी एके काळी ऑलिंपिकच्या मंचावरही शिरली होती. उभ्याने, पायांचा झटका न देता, केवळ हातांच्या बळाने दांडा डोक्यावर नेण्याचा ‘प्रेस’ हा प्रकार तेव्हा स्पर्धेत होता. परंतु खेळाडू मागे इतके झुकू लागले, की पाठ कोठवर वाकली म्हणजे कसूर झाली याचा निवाडा करणे पंचांना दुरापास्त झाले, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकारच बरखास्त झाला. जिममध्ये मात्र त्याचा अंमल अबाधित आहे, आणि तेथे तर पंचही नाहीत.

वास्तविक त्याचे तंत्र गहन नाही. दांडा गळ्याच्या हाडांपाशी खांद्यांवर टेकलेला, मनगटे मागे न मोडता कोपरांच्या नेमकी वर, पोट व नितंब आवळलेले. दांडा वर जाताना चेहऱ्याने किंचित मागे सरून त्याला वाट द्यावी, दांड्याने चेहऱ्याला वळसा घालू नये. आणि कपाळ ओलांडताच डोके पुढे येऊन दांडा, खांदे, कंबर व पावलांचा मध्य ही सारी एका ओळंब्यात यावीत. ओळंबा चुकला, की भिंतीचे जे होते तेच पाठीचे होते.

सांगलीच्या संकेत सरगरने ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ व क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. पण १३९ किलोच्या प्रयत्नात त्याचा उजवा कोपर दुखावला आणि सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. वर्षानुवर्षांच्या साधनेने कसलेल्या कोपरालाही जेथे अभय नाही, तेथे दिवसभर कचेरीत वाकून बसणाऱ्या आणि लोकलमधून लोंबकळत आलेल्या आपल्या खांद्यांनी पहिल्याच आठवड्यात प्लेटा चढविण्याचा हट्ट का धरावा?

महिन्याची फी भरलेल्यास फळही महिन्यातच हवे असते, ही अडचण मी जाणतो. परंतु तालमीत नवख्या पोराकडून वस्ताद आधी माती उकरून घेत असे, जोर-बैठका काढून घेत असे, आणि ती उमेदवारी कोणास अपमानास्पद वाटत नसे. तसाच शिरस्ता येथेही असावा: आधी काठी, मग वीस किलोंचा रिकामा दांडा, आणि त्यानंतरच प्लेटांची मुभा. त्या मुदतीत प्रशिक्षकाने समोर नव्हे, तर बाजूस उभे राहावे. कारण आरसा समोरून छातीचा रुबाब तेवढा दाखवितो, पाठीचा बाक दिसतो तो बाजूनेच.